मदत हवी आहे: कासची फुलं आणि अंबाबाईचं नवरात्र यंदा एका फेरीत जमेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे. यंदा शरदात सातारा-कोल्हापूर भागात पाचसहा दिवस भटकायचा बेत आहे. मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई (वय 74, गुडघे कुरकुरतात, पण हौस आम्हा तिघांपेक्षा जास्त). गाडी घरची.

घोळ असा, की मला कासचं पठार फुललेलं बघायचंय आणि सासूबाईंना नवरात्रात अंबाबाईची ओटी भरायचीय. गेल्या वर्षी घट 22 सप्टेंबरला बसले, दसरा 2 ऑक्टोबरला. तेव्हा गेलो असतो तर दोन्ही एका दमात झालं असतं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे घटस्थापना थेट 11 ऑक्टोबरला आणि दसरा 20 ला. फुलं काही पंचांग बघून फुलत नाहीत. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, की संपलं.

बरं, गणपती 25 सप्टेंबरला उठले की लगेच पितृपक्ष. सासऱ्यांची तिथी दशमीची, त्याआधी घरी परतायलाच हवं. म्हणजे फुलांसाठी 28 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर एवढीच फट. त्यात नवरात्रात बडोदं सोडायचं म्हटल्यापासून लेक आमच्याशी बोलत नाहीये, कारण गरबा. (तिचंही बरोबर आहे म्हणा.)

तर, त्या आठवड्यात कासला बघण्यासारखं उरलेलं असतं का? सासूबाईंना किती चालावं लागेल? आणि नवरात्रातली कोल्हापूरची रांग त्यांना झेपेल का, की दुसरा काही मुहूर्त आहे?

प्रतिसाद, सातारा:
28 किंवा 29 ला या, सोमवार-मंगळवार आहे. 2 ऑक्टोबरला मुळीच नको, सुट्टी असते आणि रस्ता तुंबतो. दिवसाला ठराविक लोकांनाच सोडतात, त्यामुळे ऑनलाइन बुकिंग आधीच करून ठेवा. पाऊस नीट झाला असेल तर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा तेव्हाही मिळतो. सीतेची आसवं आणि दवबिंदू ही रोपं बारीक असतात, गाइड घ्या नाहीतर तुडवून पुढे जाल. धुकं उतरलं तर मात्र समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा. सासूबाईंना पठारावर फार चालवू नका, त्यापेक्षा खाली बामणोलीला शिवसागर जलाशयात बोटीतून फिरवा. वासोटा किल्ल्याचं कोणी सुचवलं तर ऐकू नका, चढ दमवणारा आहे.

प्रतिसाद, कोल्हापूर:
ताई, खरं सांगते, नवरात्रातली रांग त्या गुडघ्यांना नको. मुखदर्शन होईल, पण ओटी हातानं भरायची असेल तर घाई होते. सोहळाच बघायचा असेल तर ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतात ते, अष्टमीच्या रात्री देवीची नगरप्रदक्षिणा, नाहीतर दसरा चौकातलं सीमोल्लंघन.

पण मला वाटतं तुम्ही दिवाळीत या. देवीचा किरणोत्सव 9, 10, 11 नोव्हेंबरला असतो. त्याला तिथी नाही, सूर्यावर चालतो, म्हणून तारखा बदलत नाहीत. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. परंपरेनं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग किंवा धुरकट हवा असली तर पोचत नाहीत, तेवढी मनाची तयारी ठेवा. यंदा लक्ष्मीपूजन 8 ला, म्हणजे ऐन दिवाळीतच पडतंय. तोवर आसपासची गुऱ्हाळं लागलेली असतात, लेकीला गरम काकवी चाखवा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! सासूबाईंना वाचून दाखवलं. सप्टेंबरात फुलं, नोव्हेंबरात देवी, असा निकाल त्यांनी देऊनही टाकला. लेक पुन्हा बोलायला लागली.

आता एकच अडचण. 11 ला भाऊबीज, आणि नणंद दर वर्षी आमच्याकडे येते. 10 ला निघालो तर किरणं कमरेपर्यंतच दिसणार, म्हणून यंदा तिलाच कोल्हापूरला बोलवावं म्हणते. महाद्वार रोडच्या जवळ, लिफ्ट असलेलं आणि दिवाळीत पाच जणांना जागा देणारं काही माहीत आहे का कुणाला?