फळं आणि सुकामेवा घातलेला घरचा पाय : सणासाठी तुम्ही कसा करता?

पाय (pie), म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. त्याची पाककृती लिहिलेली असते ती रिकाम्या स्वयंपाकघरासाठी. सणाच्या दिवशी मात्र शेगड्या अडलेल्या असतात, ओव्हनसाठी दोन पदार्थ रांगेत असतात आणि ओट्यावर लाटायला हातभर जागासुद्धा मागून घ्यावी लागते. पायला हवं असतं नेमकं उलट : गारवा, जागा आणि वेळ. तरीही कितीतरी घरांत सणाला पाय होतो आणि उत्तम होतो. ते कसं जमतं हे मला मनापासून जाणून घ्यायचं आहे. फळ कोणतंही, सुकामेवा कोणताही. तुमच्याकडे काय उपयोगी पडलं ते सविस्तर लिहा, आणि त्यामागचं कारण ठाऊक असेल तर तेही लिहा.

सुरुवात मी करते. माझं ठाम मत असं की सणाचा पाय सणाच्या दिवशी करायला घ्यायचाच नाही, त्या दिवशी तो फक्त भाजायचा. २३ सेंटिमीटरच्या, म्हणजे ९ इंची ताटलीसाठी खालची आणि वरची पारी मिळून मी ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम बिनमिठाचं बटर आणि अर्धा चमचा मीठ घेते. बर्फाचं पाणी लागेल तसं, जास्तीत जास्त १०० ग्रॅम. बटरचे तुकडे करून थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि मग बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचे. चोळून झाल्यावरही वाटाण्याएवढे तुकडे दिसले पाहिजेत. बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेलं बहुतेक पाणी. ओव्हनच्या आचेत त्या पाण्याची वाफ होते आणि तीच पारीचे पदर सोडवते. बटर आधीच वितळून मैद्यात मुरलं तर पारी खुसखुशीत होते, पण पापुद्रे सुटत नाहीत. तुपाचं मोहन घातलं तरी तसंच, कारण तुपात पाणीच नसतं.

गोळे दोन दिवस आधी करून, गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवते. विश्रांतीने मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला ताण देणारं प्रथिन, सैलावतं, त्यामुळे लाटताना पारी मागे आखडत नाही आणि भाजताना ताटलीच्या कडेवरून खाली घसरत नाही. सारण आदल्या दिवशी : सोलून चिरलेली १ किलो सफरचंदं, १२० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम अक्रोड, मूठभर बेदाणे, लिंबाचा रस, दालचिनी. मला अडतं ते एका ठिकाणी. फळाला रस सुटतो आणि खालची पारी मऊ पडते. यावर तुम्ही काय करता?

* * *

खालच्या पारीचं उत्तर तुमच्या यादीतच आहे, ताई. अक्रोड. तो फळांत मिसळू नका, फळांच्या खाली पसरा.

मी निम्म्या अक्रोडांची भरड करते, त्यात दोन चमचे साखर आणि एक चमचा मैदा घालते आणि कच्च्या पारीवर सारखा थर देते. वरून फळं. सुटणारा रस आधी या थरात जिरतो आणि पारीपर्यंत फार थोडा पोचतो. बदामाचा कूट असेल तर आणखी छान, कारण तो बारीक असतो. उरलेल्या अक्रोडांचे मोठे तुकडे वरच्या पारीखाली, अगदी शेवटी. फळांच्या रसात तासभर शिजलेला अक्रोड मऊ होतो आणि मग तो घातल्यासारखाच वाटत नाही.

अक्रोड आधी भाजून घ्यायचेच. १७५ अंशांवर ८ ते १० मिनिटं, मग कोमट असताना जाडसर फडक्यात चोळायचे. बरीचशी सालं निघतात आणि त्यांच्याबरोबर कडवटपणाही जातो. आणि विकत आणल्या आणल्या एक चावून बघा. अक्रोडाच्या तेलात असंपृक्त स्निग्धांश भरपूर, त्यामुळे ते लवकर खवट होतात. एक मूठ खवट अक्रोड सगळ्या पायची चव घालवतात, साखर किंवा दालचिनीने तो खवटपणा झाकला जात नाही. जास्त आणले असतील तर फ्रीजरमध्ये ठेवावेत.

* * *

अक्रोडाचा थर चांगलाच, पण रसाचा बंदोबस्त त्याआधी करता येतो. सफरचंदात सुमारे ८५ टक्के पाणी असतं. ते कुठेतरी बाहेर पडणारच. ते ओव्हनमध्ये पडण्यापेक्षा आपल्या पातेल्यात पडू द्यावं.

चिरलेल्या फळांना साखर आणि लिंबू लावून तासभर ठेवायचं, मग चाळणीत निथळत ठेवायचं. खाली जमलेला रस छोट्या पातेल्यात आटवायचा, अर्ध्याहून कमी होऊन किंचित चिकट होईपर्यंत. गार झाला की तोच पुन्हा फळांवर. चव सगळी राहते, फक्त पाणी जातं. शिवाय फळं आधीच आकसलेली असल्याने भाजल्यावर वरची पारी आणि सारण यांत पोकळी राहत नाही.

दाटपणासाठी मी कॉर्नफ्लोअर घालतो, १ किलो फळांना दोन ते तीन मोठे चमचे. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कॉर्नफ्लोअर नुसतं गरम होऊन भागत नाही, रसाला खरी उकळी यावी लागते. म्हणून पायच्या वरचा रंग पाहून ओव्हन बंद करू नये. मधल्या चिरांतून रस जाडसर बुडबुडे काढत वर येताना दिसला पाहिजे. कडेला आलेले बुडबुडे मोजायचे नाहीत, मधले पाहायचे. रंग आधीच पुरेसा आला असेल तर वरून फॉइल सैल झाकावी आणि भाजणं चालू ठेवावं.

सफरचंद घट्ट आणि आंबट हवं. ग्रॅनी स्मिथ सगळ्यात भरवशाचं. मऊ जात असेल तर काप एका मोठ्या भांड्यात घेऊन त्यांवर उकळतं पाणी ओतावं, दहा मिनिटं झाकून ठेवावं आणि पूर्ण निथळावं. साधारण ६० ते ७० अंशांच्या उष्णतेत फळातलं पेक्टिन, म्हणजे गर बांधून ठेवणारा घटक, घट्ट होतं आणि पुढे भाजतानाही फोडी फोडीच राहतात, त्यांचा गर होत नाही. हे प्रथम वाचलं तेव्हा मला उलटं वाटलं होतं, पण फोडी खरंच आकार धरून राहतात.

* * *

आमच्या घरी पाय एकट्याने होत नाही आणि होऊ नये असंच मला वाटतं. सासरे सफरचंदं सोलतात, सुरी त्यांच्याच हातची धारदार. नवरा निथळलेला रस आटवतो. पारी मी लाटते, कारण ती झपाट्याने लाटून पुन्हा फ्रीजमध्ये जायला हवी. मुलं उरलेल्या तुकड्यांची पानं कापतात आणि वरच्या पारीवर पाण्याच्या बोटाने चिकटवतात. कुणाचं पान कुठे बसलं हे जेवणानंतर बरोबर लक्षात असतं, आणि तोच तुकडा हवा असतो.

मुलांना एकच नियम आहे : कच्ची पारी तोंडात टाकायची नाही. अंडं घातलेलं नसलं तरीही नाही. मैदा हा कच्चाच पदार्थ, त्यात ई. कोलायसारखे जंतू असू शकतात आणि ते भाजल्यावरच मरतात. त्यांच्यासाठी मी काही तुकडे साखर-दालचिनी भुरभुरवून वेगळे भाजते, म्हणजे वाट पाहणं सोपं जातं.

* * *

मला जे लिहायचं आहे ते पायच्या चवीबद्दल नाही. माझ्या मुलाला अक्रोडाची ॲलर्जी आहे. सगळं कुटुंब जमतं, टेबलावर सुंदर पाय येतो, आणि मी त्याच्या खुर्चीमागे उभी असते.

सुकामेव्याचा पाय करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे की जेवायला येणाऱ्यांना आधी विचारा. त्या दिवशी नाही, आधी, म्हणजे बेत बदलता येतो. ‘थोडंसंच आहे’, ‘वरचे काढून देते’ याचा उपयोग नसतो. भाजल्याने ॲलर्जीचा धोका जात नाही. ज्या सुरीने अक्रोडाचा पाय कापला तीच दुसऱ्या पायला लावली तरी पुरेसं होऊ शकतं. अक्रोडाची ॲलर्जी असणाऱ्याला पिकन या अक्रोडाच्याच कुळातल्या सुक्यामेव्यानेही होण्याची शक्यता मोठी असते, तीच गोष्ट काजू आणि पिस्ता या जोडीची. म्हणून ‘अक्रोड नाही घातला, पिकन घातलेत’ हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

दोन पाय करणार असाल तर सुकामेव्याशिवायचा आधी करा, आधी भाजा, झाकून वेगळा ठेवा, आणि त्याची सुरी त्याच्याजवळच ठेवा. ओटा, लाटणं, हात साबणाने धुवा. नुसतं फडक्याने पुसणं किंवा सॅनिटायझर लावणं पुरत नाही. कुरकुरीतपणासाठी भाजलेल्या भोपळ्याच्या किंवा सूर्यफुलाच्या बिया घालता येतात. मात्र त्याही चालतात ना हे आधी विचारायचं आणि पाकिटावरची सूचना वाचायची, कारण पुष्कळ वेळा त्या सुकामेव्याबरोबर एकाच ठिकाणी भरलेल्या असतात. अशा मुलाच्या आईवडिलांजवळ ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असतं, ते कुठे ठेवलंय हे घरातल्या आणखी एका मोठ्या माणसाला माहीत असू द्या.

आता माझी जाऊ बियांचाच पाय करते, सगळ्यांसाठी एकच. तो माझा मुलगा मागून घेतो. मला त्याचं फार वाटतं.

* * *

तुमचं लिहिणं वाचून आमच्या यंदाच्या पाहुण्यांना आजच विचारून घेतलं. मनापासून आभार.

* * *

अंडं न खाणाऱ्यांसाठी : वरच्या पारीला चकाकी आणि रंग यायला दूध किंवा साय पुरते. पातळ हात द्यायचा, वर थोडी जाडसर साखर. अंड्याइतकी चकाकी येत नाही, पण रंग सोनेरी येतो.

* * *

ओव्हनबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडे छोटा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे. त्याच्या चकतीवर जे तापमान लिहिलेलं असतं आणि आत जे असतं ते सारखं असेलच असं नाही. आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतल्यापासून अंदाजावर चालणं संपलं.

पद्धत अशी : धातूचा ट्रे सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवून ओव्हन २२० अंशांवर नीट तापू द्यायचा आणि पायची ताटली थेट त्या तापलेल्या ट्रेवर ठेवायची. खालच्या पारीला पहिल्या मिनिटापासून आच लागते, आणि सांडलेला रसही ट्रेवरच राहतो. २० मिनिटांनी १८० ते १९० वर आणायचं आणि आणखी ४० ते ५० मिनिटं. ओव्हनमधला पंखा चालू असेल तर २० अंश कमी. मध्ये एकदा ताटली फिरवायची, कारण लहान ओव्हनमध्ये मागची बाजू लवकर रंगते. कडा आधी लाल होतात, त्यांच्यावर फॉइलची पट्टी.

ताटली धातूची घ्यावी, ती लवकर तापते. काचेची असेल तर तळाचा रंग उचलून पाहता येतो हा मोठा फायदा, पण फ्रीजरमधली काच तापलेल्या ओव्हनमध्ये कधीही घालू नये. ती तडकते.

* * *

ताजं फळ मनासारखं नसेल तेव्हा मी सुक्या फळांकडे वळते आणि खरं सांगायचं तर मला तोच पाय जास्त आवडतो. जर्दाळू, अंजीर, आलुबुखार संत्र्याच्या गरम रसात रात्रभर भिजवायचे. त्यांची चव आधीच घट्ट झालेली असते, रसाचा प्रश्न जवळजवळ येत नाही आणि साखर निम्म्याहून कमी लागते.

नासपती आणि बदाम ही माझी दुसरी आवडती जोडी. त्यासाठी फ्रान्जिपान : बदामाचा कूट, बटर आणि साखर प्रत्येकी १०० ग्रॅम, दोन अंडी, सगळं फेटून एकजीव. पारीवर हे पसरायचं, वर नासपतीच्या फाका किंचित दाबून बसवायच्या. याला वरची पारी लागत नाही. भाजताना बदामाचं सारण फाकांच्या मधून फुगून वर येतं.

* * *

घरात मधुमेह असलेल्यांसाठी एक सांगावंसं वाटतं. ‘साखर नाही, फक्त खजूर घातलाय’ म्हणून मोठा तुकडा वाढू नये. खजुरातही साखरच असते आणि पारीत मैदा आहेच. माझ्या वडिलांना मी पारी फक्त वरून असलेला पाय करते, खाली नुसती फळं आणि भरपूर बदाम. त्यांचा तुकडा लहान असतो, पण ते सगळ्यांबरोबर बसून खातात.

* * *

आधी करून ठेवण्याबद्दल धागाकर्तीशी पूर्ण सहमत. मी त्याच्याही पुढे जाते आणि पाय भरून, मुरड घालून, कच्चाच धातूच्या ताटलीत फ्रीजरमध्ये ठेवते. घट्ट झाला की दुहेरी गुंडाळायचा. सणाच्या दिवशी वितळू न देता तसाच तापलेल्या ट्रेवर, फक्त नेहमीपेक्षा २० मिनिटं ते अर्धा तास जास्त. वितळू दिला तर सुटलेलं पाणी पारीतच मुरतं.

भाजून झाल्यावर निदान तीन-चार तास जाळीवर निवू द्या. गरम कापला तर रस ताटभर पळतो, कारण कॉर्नफ्लोअरचा दाटपणा निवतानाच बसतो. म्हणून माझा पाय सकाळी ओव्हनमध्ये जातो, जेवणाचे पदार्थ त्यानंतर. कापायला दातेरी सुरी.

उरलेलं : नुसत्या फळांचा आणि सुकामेव्याचा पाय झाकून बाहेर दोन दिवस राहतो, हवा फार गरम असेल तर फ्रीजमध्येच ठेवावा. अंडी किंवा दूध असलेलं सारण असेल, वरच्या फ्रान्जिपानसारखं, तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. पुन्हा गरम करताना मायक्रोवेव्ह नको, पारी लोळागोळा होते. १८० अंशांवर १५ मिनिटं, वर फॉइल, आणि शेवटची पाच मिनिटं फॉइल काढून.