बस्टर कीटन यांची कारकीर्द बोलपटांमुळे संपली का?

गंगापूररोडकर (प्रश्न)

नमस्कार. येत्या सुट्टीत आमच्या सोसायटीच्या सभागृहात मुलांना बस्टर कीटन यांचा 'द जनरल' हा १९२६ सालचा मूकपट दाखवायचे ठरले आहे आणि त्याआधी त्यांच्याविषयी थोडे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यांचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातील पिक्वा या खेड्यात झाला; आईवडील गावोगाव फिरून रंगमंचावर विनोदी कसरती करीत; वडील लहानग्या बस्टरला प्रेक्षकांसमोर अक्षरशः उचलून फेकत आणि पकड नीट बसावी म्हणून त्याच्या कपड्यांना पाठीमागे बॅगेची मूठ शिवलेली असे, हे सारे वाचले आहे. १९१७ साली विनोदी अभिनेते रॉस्को आर्बकल यांच्यामुळे ते चित्रपटांकडे वळले, हेही समजले. अडचण पुढची आहे. बहुतेक ठिकाणी 'बोलपट आले आणि कीटन मागे पडले' एवढ्यावर १९३० नंतरची हकिकत उरकलेली असते. नाशिकमध्ये मूकपटांचा विषय काढल्यावर दादासाहेब फाळके यांचे नाव निघणारच, आणि त्यांच्याबद्दलही आपण हेच ऐकत आलो आहोत. दोघांच्याही बाबतीत खरोखर आवाजच कारणीभूत होता का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पंचवटीकर

कीटन यांच्यापुरते उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे, आणि मुलांनाही ते तसेच सांगावे असे मला मनापासून वाटते. जो माणूस चालता-बोलता होण्याच्या वयापासून रंगमंचावर वाढला, त्याला संवाद म्हणण्याचे भय कशाला असेल? त्यांचा आवाज घोगरा आणि खणखणीत होता. एवढेच काय, एम.जी.एम. या हॉलिवूडच्या बड्या चित्रपट कंपनीसाठी त्यांनी केलेले सुरुवातीचे बोलपट गल्ल्याच्या दृष्टीने चांगले चालले. उलट ज्या 'द जनरल'ला आज जगभर डोक्यावर घेतले जाते, तो प्रदर्शित झाला तेव्हा साफ पडला होता.

खरी गोष्ट १९२८ सालच्या कराराची आहे. तोपर्यंत निर्माते जोसेफ शेंक पैसा उभा करीत आणि कामात ढवळाढवळ करीत नसत. कीटन यांची स्वतःची माणसे होती, कथा कागदावर पुरती उतरलेली नसे, सुरुवात आणि शेवट सापडला की मधला भाग चित्रीकरणाच्या जागीच घडत जाई. अशा मोकळिकीतून काय निघते ते 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४) मध्ये दिसते. त्यात झोपी गेलेला एक सिनेमायंत्रचालक स्वप्नात थेट पडद्यात शिरतो आणि त्याच्याभोवतीची दृश्ये बदलत राहतात: बाग, रस्ता, कडा, समुद्र. माणूस मात्र जागचा हललेला वाटत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी कॅमेऱ्यापासूनचे कीटन यांचे अंतर जमीन मोजणाऱ्यांच्या उपकरणांनी मोजून घेतले होते. त्याच चित्रपटात रेल्वेच्या टाकीचे पाणी अंगावर कोसळून ते रुळावर आपटले. मानेचे हाड तडकले होते, हे कित्येक वर्षांनंतर क्ष-किरण तपासणीत कळले.

शेंक यांनी त्यांना एम.जी.एम.कडे सोपवले तेव्हा चॅप्लिन आणि हॅरल्ड लॉइड या दोघा विनोदवीरांनीही जाऊ नका म्हणून बजावले होते. तेथे पहिला 'द कॅमेरामन' (१९२८) उत्तम झाला. मग मात्र तयार पटकथा हातात येऊ लागल्या, जुनी मंडळी पांगली, धोक्याच्या कसरतींना मनाई झाली. त्यातच घर मोडले, मद्यपान वाढले आणि १९३३ साली कंपनीने त्यांना काढून टाकले. पुढे त्याच कंपनीत ते किरकोळ पगारावर इतरांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवण्याचे काम करीत होते. हा करार म्हणजे आयुष्यातली सर्वांत मोठी चूक, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. ज्याचा विनोद जागेवर, वस्तूंशी झटापट करताना जन्म घेतो, त्याला दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाला जखडून ठेवले की बोलपट असो वा मूकपट, परिणाम एकच होणार.

मनमाडचा रेल्वेवाला

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. 'द जनरल'मधील एका प्रसंगाकडे मुलांचे लक्ष अवश्य वेधावे. प्रेयसीने झिडकारल्यावर नायक इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे साइड रॉडवर, खिन्न होऊन बसतो. गाडी सुटते आणि दांड्यासोबत तोही वर-खाली होत शेडमध्ये जातो, तरी विचारांच्या नादात त्याला पत्ताच नसतो. माझे वडील मनमाडला वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. हे दृश्य पाहून ते आधी हसले नाहीत, दचकले. गाडी सुटताना चालकाकडून वाफ जरा जास्त सुटली, तर गाडी जागेवरच राहते आणि चाके गरकन फिरतात. अशा वेळी दांड्यावर बसलेला माणूस वाचणे कठीण. कीटन खरोखर त्या दांड्यावर बसले होते आणि हा धोका चालकाने त्यांना आधीच सांगितला होता. पूल कोसळून इंजिन नदीत पडते तेही खरे इंजिन आहे. ऑरेगन राज्यात कॉटेज ग्रोव्हजवळ ते चित्रण झाले.

त्र्यंबकनाका

फाळके यांच्याबद्दल थोडे लिहितो. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेबांनी नाशिकमध्ये 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी'त भागीदार घेतले, आणि त्या भागीदारांशी मतभेद होऊन ते कंपनी सोडून काशीला गेले, तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. हे सारे 'आलम आरा' या पहिल्या भारतीय बोलपटाच्या (१९३१) कितीतरी आधीचे आहे. ते परतले, पण पूर्वीची सत्ता हाती राहिली नव्हती. म्हणजे दोघांच्या कथेत साम्य आहे ते येथे: पैसा पुरवणाऱ्यांनी कामाचा लगाम हाती घेतला. फरकही सांगायला हवा. फाळके यांनी 'गंगावतरण' (१९३७) हा एकच बोलपट केला आणि १९४४ साली नाशिकमध्येच विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. सन्मान मागाहून आले. कीटन यांना तो दिवस पाहता आला. १९५० च्या दशकात जुन्या प्रती सापडून पुन्हा दाखवल्या जाऊ लागल्या, १९६० साली मानद ऑस्कर मिळाले, १९६५ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा कडकडाट केला. १ फेब्रुवारी १९६६ रोजी ते गेले, तोवर काम सुरूच होते.

गंगापूररोडकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोलण्याचा मध्यबिंदू आता १९२८ चा करारच ठेवतो. लहान मुलांसाठी 'द जनरल' लांबेल का?

पंचवटीकर

आधी 'वन वीक' (१९२०) दाखवा. दोनच रिळांचा, म्हणजे साधारण वीस मिनिटांचा आहे; नवविवाहित जोडपे सुट्या भागांचे घर चुकीच्या क्रमाने उभारते, एवढीच कथा. 'द जनरल'पूर्वी एक गोष्ट मात्र सांगाच: कथेचा आधार १८६२ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात घडलेली खरी घटना आहे आणि नायक दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या, बाजूचा आहे. आठवी-नववीतली मुले हा प्रश्न विचारतील आणि त्यांनी तो विचारावा. शिवाय प्रत निवडताना वेग तपासा. चुकीच्या वेगाने चालवलेल्या मूकपटात माणसे उगाच तुरुतुरु धावतात आणि कीटन यांचे संथ, स्थिर थांबणे हातचे जाते.