मार्व्हल्स स्पायडरमॅन, पीसी: झोके जमले, मारामारी जमत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

'मार्व्हल्स स्पायडरमॅन'ची रीमास्टर्ड आवृत्ती पीसीवर खेळते आहे आणि एका जागी पक्की अडकले आहे, म्हणून हा धागा. याआधी माझी मजल कोडी आणि गाड्यांच्या शर्यतींपर्यंतच. ओपन वर्ल्ड (सगळ्या शहरात हवं तसं फिरायचं) हा प्रकार नवा आणि कंट्रोलरही पहिल्यांदाच हातात घेतलाय. कंट्रोलर प्लेस्टेशनचा आहे, तेव्हा उत्तरात बटनांची नावं तीच लिहिलीत तर सोपं पडेल.

गेम मला मनापासून आवडलाय, हे आधी सांगते. पहिल्या दृश्यात पीटर, म्हणजे आपला स्पायडरमॅन, खिडकीतून उडी मारतो आणि पुढच्याच क्षणी सूत्रं आपल्या हातात येतात, तिथेच मी जिंकले गेले. जाळं हवेत कुठेही चिकटत नाही, त्याला खरोखरची इमारत लागते. त्यामुळे उंच इमारतींच्या मिडटाउनमध्ये झोके लांबच लांब जातात आणि सेंट्रल पार्कवर आलं की झाडांचा आधार घेत खालून जावं लागतं. शहराचा असा फरक हाताला जाणवतो, हे मला फार भारी वाटतं. पीटरचा आवाजही ऐका कधी नीट. झोके घेताना फोनवर बोलत असला तर दम लागलेला असतो, गच्चीवर उभा असला तर तेच वाक्य शांतपणे येतं. ही वाक्यं दोन्ही प्रकारे रेकॉर्ड केलेली आहेत म्हणे.

आता अडचणी. फिस्क या गुंडांच्या म्होरक्याच्या लोकांचे अड्डे आहेत ना, बांधकामाच्या जागेवरचे, तिथे माझा निभाव लागत नाही. सुरुवातीचे चार-पाच जण वरून लपूनछपून उचलते, पण मग दुसरी तुकडी येते, तिसरी येते आणि मी मध्यभागी घेरली जाते. ते धिप्पाड पैलवान तर ठोशांना दादच देत नाहीत. तेवढ्यात मागून कोणीतरी गोळी घालतं.

दुसरं म्हणजे उंचावरून सूर मारला की मला गरगरतं, थोड्या वेळाने मळमळायला लागतं. झोके हाच तर या गेमचा आत्मा, त्यामुळे ते टाळायचे नाहीयेत.

आणि नकाशा! जिकडे पाहावं तिकडे खुणा. बॅकपॅक, टॉवर, प्रयोगशाळा, गुन्हे. हे सगळं आधी संपवायचं की कथा पुढे न्यायची? कथेत काहीतरी तातडीचं चाललेलं असताना बॅगा गोळा करत फिरणं मनाला पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मळमळीचं आधी बघू, कारण ती असताना बाकी काहीच जमणार नाही. सेटिंगमध्ये जाऊन मोशन ब्लर (वेगात चित्र धूसर होणं) पूर्ण बंद करा. पीसी आवृत्तीत फील्ड ऑफ व्ह्यूची (दृश्य किती रुंद दिसावं याची) पट्टी आहे, ती थोडी वाढवा. चित्र जवळून अंगावर आल्यासारखं वाटतं ते कमी होईल. ग्राफिक्स उतरवावे लागले तरी चालेल, पण फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) स्थिर ठेवा. माझ्या बहिणीला हाच त्रास होता. तिला सगळ्यात जास्त फरक पडला तो खोलीतला दिवा लावून आणि पडद्यापासून लांब बसून. मळमळ सुरू झाली की रेटून खेळू नका, लगेच थांबा. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ जमतं.

प्रतिसाद

मारामारीबद्दल सविस्तर लिहितो, कारण हा गेम सोडून देणारे बहुतेक जण इथेच सोडतात आणि ते पाहून वाईट वाटतं.

तुम्ही जमिनीवर उभ्या राहून लढताय. या गेममध्ये तसं लढायचंच नसतं. तुम्हाला झोके जमलेत ना, मग लढाईही झोक्यांसारखीच खेळा, पाय टेकू देऊ नका. स्क्वेअर नुसता दाबला तर ठोसा बसतो, पण दाबून धरला तर समोरचा हवेत उडतो आणि त्याच्यामागोमाग तुम्हीही वर जाता. तिथे वरच दोन-तीन ठोसे द्या. वर असताना खालच्यांचे दांडके तुमच्यापर्यंत पोचत नाहीत. मग खाली न उतरता ट्रँगल दाबा, जाळ्याने तुम्ही थेट दुसऱ्या माणसावर जाऊन आदळता. त्यालाही उचला. असं एकावरून दुसऱ्यावर जात राहिलात की घेरलं जाण्याचा प्रश्नच येत नाही, कारण घेराव घालायला तुम्ही एका जागी सापडतच नाही.

पीटरच्या डोक्याभोवती रेषा चमकल्या, म्हणजे वार येतोय, की सर्कल दाबून तो चुकवा. ठोसे मारण्याच्या भरात हे बटन विसरायला होतं, पण माझ्या मते कंट्रोलरवरचं सगळ्यात महत्त्वाचं बटन तेच. अगदी शेवटच्या क्षणी दाबलंत तर पीटर वार चुकवता चुकवता त्या माणसाच्या तोंडावर जाळं मारतो आणि फोकसची पट्टीही भरते. ती पट्टी दोन कामांना येते. डी-पॅडचं (चार दिशांच्या बटनांचं) खालचं बटन दाबून जखमा भरता येतात, नाहीतर पट्टी पूर्ण भरल्यावर ट्रँगल आणि सर्कल एकत्र दाबून एकाला एका फटक्यात संपवता येतं. नवीन असाल तर जखमांसाठीच राखून ठेवा.

पैलवानांशी ठोशांनी भांडू नका. आर-वनने जाळी मारत राहा, तो पुरता गुरफटला की मगच हात उगारा. आसपास काही पडलं असेल, पिंप, पेटी, पाईपचा तुकडा, तर एल-वन आणि आर-वन एकत्र दाबून धरा आणि ते उचलून त्याच्यावर भिरकवा. पुढे ढालवाले भेटतील. त्यांना समोरून मारून उपयोग नाही, सर्कलने त्यांच्याच दिशेने झेप घेतलीत की पायांमधून घसरत पलीकडे निघता आणि पाठ मोकळी मिळते. बंदूकवाल्यांना मात्र सगळ्यांत आधी गाठा, ते कितीही लांब असले तरी.

इम्पॅक्ट वेब हे गॅजेट, म्हणजे जोरात आदळणारं जाळं, तुमच्याकडे असेलच. भिंतीजवळ उभ्या असलेल्या माणसाला ते मारलंत तर तो भिंतीला चिकटतो, काम झालं. आणि अड्ड्यांवर एक गोष्ट ध्यानात ठेवा. लपूनछपून उचलायची सोय खरी म्हणजे पहिल्या तुकडीपुरतीच, पुढच्या तुकड्या तुम्हाला शोधतच येतात. तेव्हा पहिल्या तुकडीवर गॅजेट खर्च करू नका. माणसावर नेम धरला की तो एकटा आहे की कोणाच्या नजरेत आहे हे गेम स्वतः लिहून दाखवतो, ते वाचूनच हात घाला.

धागाकर्ती

बापरे, किती छान समजावलंत! स्क्वेअर दाबून धरायचा असतो हे एकदा सुरुवातीला आलं होतं खरं, पण सवय पडली नव्हती. आज रात्री बसते. मध्येच जाळं संपतं त्याचं काय करायचं? आणि ते पीटरच्या मैत्रिणीचे, मेरी जेनचे भाग, लपून जायचे, तेही पुढे असेच येत राहणार का?

प्रतिसाद

वेब-शूटरचं (आर-वनने मारायचं साधं) जाळं थोड्या वेळात आपोआप भरतं, बाकीची गॅजेट्स माणसं लोळवली की. म्हणून दोन-तीन प्रकार आलटून पालटून वापरा.

मेरी जेनचे भाग येत राहतील, मग माइल्स नावाच्या पोराचेही येतील. बऱ्याच जणांना ते रटाळ वाटतात आणि त्यात तथ्य आहे. आकाशात मोकळं फिरणाऱ्या माणसाला एकदम खोक्यांमागे ओणवं बसवलंय. पहारेकऱ्यांच्या फेऱ्या ठरलेल्या, वाटही एकच. मला तरी गेमचा वेग तिथे मोडतो असंच वाटतं.

प्रतिसाद

याच्याशी असहमत. खेळायला ते भाग फिके आहेत, मान्य. पण ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या मिशनमध्ये मेरी जेन खाली आणि पीटर वर छतावर, ती इशारा करते आणि तो पहारेकऱ्याला अलगद उचलतो, तेव्हा त्या दोघांचं नातं जसं समजतं तसं नुसत्या संवादातून समजलं नसतं. शिवाय अंगात शक्ती नसताना या शहरात वावरणं किती भीतीचं आहे हेही कळतं. ताई, ते भाग घाई न करता खेळून बघा.

प्रतिसाद

मी न्यू जर्सीत राहते, कामासाठी मॅनहॅटनला जाणं होतं. नकाशा अर्थातच आवळून लहान केलाय, पण रस्त्यांचा स्वभाव बरोबर पकडलाय. मिडटाउनमध्ये दोन्ही बाजूंच्या इमारती आणि मधून दिसणारी आकाशाची चिंचोळी पट्टी अगदी खरी वाटते. हार्लेमकडे आलं की घरं बुटकी होतात आणि उजेड वाढतो, तेही खरं. क्रायस्लर बिल्डिंगच्या टोकावर मात्र याच गेममध्ये चढून घ्या. २०२०च्या माइल्सच्या गेममध्ये ती इमारत नाही, परवानगीचं जमलं नाही म्हणून वगळावी लागली.

प्रतिसाद

नकाशाबद्दल. यात जिल्हे नऊ आणि बॅकपॅक पंचावन्न. मुद्दाम गोळा करायला निघालात तर कंटाळाल. वाटेत दिसेल ते उचला. टॉवर मात्र आधी चालू करा, त्याशिवाय त्या भागातल्या खुणाच दिसत नाहीत. टॉवरचं ते लहरी जुळवायचं कोडं तुम्हाला सोपंच जाणार. प्रयोगशाळेतली सर्किटची कोडी नको असली तर सेटिंगमधून वगळता येतात. भराभर बटन दाबायचं असतं तिथे नुसतं दाबून धरण्याची सोयही तिथेच आहे.

कथेत तातडी असताना बॅगा गोळा करणं पटत नाही, हे तुम्ही लिहिलंत ते मला फार पटलं. पण कथाच मधूनमधून उसंत देते. पीटर म्हणतो की आता जरा फेरी मारून येऊ, कुणाचा तरी फोन यायचा असतो, तेव्हा फिरून घ्या. बॅकपॅक उघडल्यावर आतली वस्तू फिरवून बघा आणि पीटर काय म्हणतो ते ऐका. एका बॅगेत सँडमॅनच्या वाळूची कुपी आहे, एकीत डेली ब्यूगलचं ओळखपत्र. हा पीटर तेवीस वर्षांचा आहे, आठ वर्षं हे काम करतोय, आणि त्या आठ वर्षांची गोष्ट गेम अशी तुकड्यातुकड्यांनी सांगतो. म्हणून मला त्या बॅगा कथेइतक्याच महत्त्वाच्या वाटतात. गुन्ह्यांचं मात्र तसं नाही, तेच तेच चार प्रकार फिरून येतात. पीटरचे नवे सूट उघडायला टोकन लागतात, ती मिळण्यापुरतेच करा.

फीस्ट नावाच्या निवाऱ्यात मे काकू काम करते, तिथे गेलात की मिशन संपल्यावर लगेच बाहेर पडू नका. लोकांशी बोला. शेवटाकडे त्याचा अर्थ लागतो, याहून जास्त सांगत नाही.

धागाकर्ती

मंडळी, हेल्स किचनचा अड्डा संपवला!

कसं झालं ते सांगते. मोशन ब्लर बंद, फील्ड ऑफ व्ह्यू वाढवलेला, दिवा लावलेला. मळमळ पूर्ण गेली नाही, पण सरळ खाली सूर मारला तरच थोडं गरगरतं, साध्या झोक्यांत काहीच नाही. आधी मारामारी न करता नुसतीच फिरत राहिले. आर-टू, म्हणजे झोक्याचं बटन, कधी सोडायचा याकडे लक्ष दिलं. झोका तळाशी असताना सोडला तर पुढे वेग मिळतो, वर गेल्यावर सोडला तर उंची मिळते. वडाच्या पारंबीला लोंबकळलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही, तसंच ते हाताला आपोआप कळायला लागलं. सोडता सोडता एक्स दाबला की आणखी एक उसळी.

मग अड्ड्यावर गेले. पहिली तुकडी क्रेनवरून एकेक करून उचलली, गॅजेट एकही वापरलं नाही. दुसरी तुकडी आली तसा पहिल्यालाच स्क्वेअर दाबून वर नेला, दोन ठोसे, ट्रँगल, पुढचा. एकदा खाली पडले, पण डी-पॅडने जखमा भरल्या आणि परत वर. पैलवान आला तेव्हा आर-वन दाबत राहिले. तो हात-पाय झाडत जाळं तोडायला बघत होता आणि मी थांबले नाही. पुरता गुंडाळला गेला तेव्हा त्याला मारलेला ठोसा जसा लागला ना, काय सांगू! शेवटचा बंदूकवाला वरच्या मजल्याच्या कडेवर होता, लाथ बसली आणि तो खालीच गेला. माझ्या पोटात गोळा आला. वाकून बघते तर जाळ्याने इमारतीच्या बाजूला चिकटलेला, जिवंत. पीटर कुणाला मरू देत नाही, आणि तो नियम मारामारीच्या ऐन गर्दीतही गेम पाळतो. हे मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडलं.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता शेवटचं विचारते. हा संपला की पुढचा कोणता घ्यावा? लॅपटॉपला १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे.

प्रतिसाद

आधी याच आवृत्तीत असलेले 'द सिटी दॅट नेव्हर स्लीप्स' या जोडकथेचे तिन्ही भाग खेळा, वेगळे पैसे पडत नाहीत. ते जरा अवघड आहेत, तेव्हा मूळ कथा संपवूनच. त्यानंतर 'माइल्स मोरालेस', म्हणजे वर आलेला माइल्सचा गेम. तो लहान आहे, हिवाळ्यातलं बर्फाळ हार्लेम आहे आणि माइल्सला अदृश्य होता येतं, त्यामुळे तुम्हाला अवघड जाणारे अड्डे तिथे सोपे होतील. तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल, ७५ जीबी जागा ठेवा.

'स्पायडरमॅन २' पीसीवर जानेवारी २०२५मध्ये आला. जीटीएक्स १६५० ही त्याची किमान अट आहे, म्हणजे चालेल पण सगळी सेटिंग खाली उतरवून. एसएसडीवर १४० जीबी जागा लागते. तुम्हाला मळमळीचा त्रास आहे, आणि कमी फ्रेम रेटवर तो वाढेल, त्यामुळे या लॅपटॉपवर त्याची घाई करू नका. त्यात क्वीन्स आणि ब्रुकलिन आहे, नदीवरून तरंगत जायला पंख आहेत. ते चांगल्या मशीनवरच बघा.