योक घ्यावा की जॉयस्टिक? हँडल फिरवलं तरी विमान वळंना

मुतग्याचा ड्रायव्हर

नमस्कार मंडळी. ३१ वर्षं सरकारी बस चालवलो, त्यातली शेवटची १४ बेळगाव-पणजी. चोर्ला घाटातलं एकेक वळण तोंडपाठ. रिटायर होऊन दोन वर्षं झाली. घर सांबरा रोडला, विमानं डोक्यावरनंच जातात. आयुष्यभर घाट खालनं बघितलो, आता वरनं बघूया म्हणून पोराच्या जुन्या कॉम्प्युटरवर विमानाचं सिम्युलेटर चालवालोय. सगळं कीबोर्डावर. बाणाचं बटण दाबलं की विमान दारू प्याल्यागत डुलतंय.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरला भाच्याकडे गेलो होतो. त्याच्याकडे टेबलाला लावलेला योक, म्हणजे विमानाचं हँडल आहे, शेजारी तीन दांड्यांचा थ्रॉटल. हँडल हातात आल्यावर जरा जिवात जीव आला, ही आपलीच वस्तू म्हटलो. उजळाईवाडीच्या विमानतळावर सेसना १७२ हे छोटं विमान उभं केलं होतं. थ्रॉटल (विमानाचा ॲक्सिलेटरच) पुढे केलो, वळण आलं, हँडल पूर्ण उजवीकडे फिरवलो. विमान सरळ गवतात! परत केलो, परत गवतात. पंखाच्या कडेची फळी तेवढी वरखाली होते, चाक काही वळत नाही. भाचा आंघोळीला गेला होता. तो बाहेर आल्यावर गप्प बसलो, वयाचा मान असतोय की.

तर एक, तो योक बिघडलेला असेल काय? आणि मी काय घ्यावं? २५ हजाराच्या वर जायचं नाही, मालकीणबाईंनी आधीच डोळे वटारलेत. टेबल लग्नातलं आहे, सागवानी, फळी दोन बोटं जाड आणि खाली ड्रॉवर.


उद्यमबागचा टर्नर

मामा, योक ठणठणीत आहे. जमिनीवर विमान हँडलानं वळतच नाही. सेसनाचं पुढचं चाक पायातल्या रडर पॅडलला जोडलेलं असतं, रडर म्हणजे शेपटीची उभी फळी. उजवं पॅडल दाबा, उजवीकडे वळतंय. हँडल फिरवल्यावर जी फळी हललेली दिसली तिला एलरॉन म्हणतात, तिचं काम हवेत. भाच्याच्या टेबलाखाली वाकून बघितलात काय? तिथं पॅडल असणारच.

आता खरेदीचं. माझ्याकडे एक योक सहा वर्षं आहे आणि मी तो चार वेळा उघडलोय, धंद्याची खोड. आत सेन्सर कुठला ते आधी विचारा. पोटेन्शिओमीटर म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणात असतो तोच प्रकार, घासून झिजतो. माझा दोन वर्षांत नाचायला लागला. हात स्थिर, पण स्क्रीनवर विमान थरथरतंय. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारलो, वर्षभर चालला, मग पार्टच बदललो. हॉल सेन्सरमध्ये लोहचुंबक असतो, काही घासतच नाही. जुना माल घेताना हँडल अगदी हळू फिरवून स्क्रीनवरचा आकडा सरळ चढतोय की उड्या मारतोय ते बघा.

दुसरं स्प्रिंगचं, आणि हे तुम्हाला गाडीवाल्याला पहिल्या दिवशीच खटकणार. खऱ्या विमानात हँडलला जोर येतो तो वाऱ्याचा. वेग वाढला की जड, कमी झाला की सैल. आपल्या टेबलावरच्या योकला काय, स्प्रिंग आहे, ती कायम मधोमधच ओढणार. त्यामुळं ट्रिम (हाताचा भार काढून घेणारं छोटं चाक) उलटी शिकावी लागते. खऱ्या विमानात नाक हवं तिथं धरायचं आणि हाताला जोर लागायचा थांबेपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं, हँडल आहे तिथंच राहतं. इथं ट्रिम फिरवत फिरवत हात हळूहळू मध्ये आणायचा, तेवढ्यात नाक हललं की परत पहिल्यापासून. मला महिना गेला. हाताला जोर देणारे फोर्स फीडबॅकवाले योक असतात, पण त्यांच्या किमतीत सेकंडहँड ॲक्टिव्हा येते.

आणि टेबलाला क्लॅम्प लावायच्या भानगडीत पडू नका. दोन बोटं जाड फळी, शिवाय खाली ड्रॉवर, क्लॅम्पचं तोंड पुरायचं नाही. नाक खाली झुकलं की माणूस हँडल छातीपर्यंत ओढतो, तुम्ही तर बसचे ब्रेक मारलेले गडी, टेबलच अंगावर घ्याल. एक इंची चौकोनी पाइपाचं स्टँड करून देतो, मजुरी नको, येताना कुंदा आणा.


शहापूरची विणकरीण

मामांना उगाच खर्चात पाडू नका. योक घेतला की थ्रॉटल आला, थ्रॉटल आला की पॅडल आलं, कारण बहुतेक योकमध्ये रडर नसतो. पिळता येणारी जॉयस्टिक घ्या. काठी डावी-उजवीकडे पिळली की रडर, बुडाशी छोटी दांडी असते ती थ्रॉटल. सगळं एकात, २५ हजारातले निम्म्याहून जास्त परत मालकीणबाईंच्या हातात. माझी तशीच आहे, पाच वर्षं झाली. घरात दोन माग आहेत, जागा असते कुठं? खेळून झालं की काठी उचलून कपाटावर.

आणि एअरबसमध्ये खरोखर काठीच असते, तीपण बाजूला.


निपाणीचा बाळ्या

ताई, काठी असते हे बरोबर, पण मामांना एअरबस चालवायचंच नाही. त्यांना घाट बघायचाय, म्हणजे सेसना. शिवाय त्यांच्या डोक्यावरनं जातात त्यातल्या एटीआरमध्ये योक आणि एम्ब्रेअरमध्येही योकच. एम्ब्रेअरचा तर मेंढ्याच्या शिंगासारखा.

मामा, लॉजिटेकच्या योकसोबत तीन दांड्यांचा थ्रॉटल येतो. हनीकोम्बच्या अल्फा योकवर इंजिनची किल्ली आणि लाइटांची बटणं आहेत, दिसतो लई भारी, पण त्याचा थ्रॉटल वेगळा विकत घ्यावा लागतो. थ्रस्टमास्टरचा बोइंगवाला योक लंबकासारखा टांगलेला असतो, दांडा आत-बाहेर सरकतच नाही. तुमच्या बजेटात जुना पहिलाच बसेल.

दांड्या तीनच पुरतात. काळी थ्रॉटल, निळी प्रोपेलर, लाल मिक्स्चर, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते. १७२ ला निळीचं काम नाही, तिच्यावर फ्लॅप (उतरताना पंखामागनं खाली येणाऱ्या फळ्या) लावून घ्या. लाल दांडी मात्र शोभेची समजू नका. सांबऱ्याची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून जवळपास अडीच हजार फूट उंच. तिथनं साडेआठ हजारावर चढलो, हवा विरळ म्हणून मिक्स्चर मागे ओढलं, घाट ओलांडून दाबोळीला उतरायला लागलो आणि लाल दांडी पुढे करायची राहिली. खाली हवा दाट, पेट्रोल तेवढंच. इंजिन खोकत खोकत झुआरीच्या पाण्यावर बंद पडलं. कीबोर्डावर हे कधी कळलंच नसतं, कारण मिक्स्चर आपोआप होत होतं.


मुतग्याचा ड्रायव्हर

सगळ्यांचा आभारी आहे. भाच्याला फोन केलो. टेबलाखाली पॅडल होतंच! मला वाटलं, ते क्लच-ब्रेक असणार, विमान उभंच आहे म्हणून पाय लावलो नव्हतो. तो अर्धा तास हसत होता. बायकोपण.

ताईचं म्हणणं पैशाच्या बाजूनं पटतंय. पण काठी हातात धरून बघितलो दुकानात, मला ती घागरीत पळी ढवळल्यागत लागली. दोन्ही हात हँडलावर असल्याशिवाय मला पुढचा रस्ताच दिसत नाही. भाचा नवीन घेणार आहे म्हणतोय, त्याचा जुना योक आणि थ्रॉटल मलाच देणार, मामा म्हणून सूट. टर्नरच्या सांगण्याप्रमाणे हँडल हळू फिरवून आकडा बघितलो, उड्या मारत नाही. राहिले पैसे पॅडलला.


उद्यमबागचा टर्नर

पॅडल घेताना वरच्या टोकाला वेगळा ब्रेक आहे काय बघा. अख्खं पॅडल पुढे ढकललं की रडर, वरचं टोक चवड्यानं दाबलं की ब्रेक. ते असलं तर उजव्या चाकाचा ब्रेक वेगळा, डाव्याचा वेगळा, अवघड वळण जागच्या जागी घेता येतंय. आणि खाली रबराची चटई घाला, फरशीवर पॅडल पळतात.


मुतग्याचा ड्रायव्हर

स्टँड मिळालं, कुंदा पोचला असेल. काल रात्री सांबऱ्याहून पहिल्यांदा नीट उडालो. धावपट्टी २६, तोंड पश्चिमेला, सरळ गेलं की बेळगाव शहर आणि पुढे डावीकडे जांबोटीचा रस्ता. कणकुंबीच्या देवळापाशी यायच्या आधीच ढग आले, घाट काही दिसला नाही. परत फिरलो.

उतरताना एक अडचण होतेय, ती सांगा. धावपट्टीवर चाक टेकलं की माझा डावा पाय आपोआप क्लच दाबतोय. म्हणजे डावं पॅडल. विमान गपकन डावीकडे, गवतात. पाच वेळा उतरलो, पाच वेळा गवतात. ३१ वर्षांचा पाय आहे, त्याला कसं समजवायचं?


शहापूरची विणकरीण

डावी चप्पल काढून ठेवा मामा. अनवाणी पायाला क्लच आठवत नाही. मागावर मी तेच करते.