जुन्या रॅमला जोड द्यावी की नवी जोडीच घ्यावी?

भुईचक्र
तीन वर्षांपूर्वी घरीच पीसी जुळवला. रायझन ५६००जी प्रोसेसर, ए५२० मदरबोर्ड, रॅमचे दोनच स्लॉट. बजेट संपलं म्हणून ८ जीबी रॅमची एकच स्टिक टाकली: डीडीआर४ पिढीची, वेग ३२००, सीएल१६ (प्रतिसादाच्या विलंबाचा आकडा). आता लेक ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) शिकतेय आणि मशीन रडकुंडीला आलंय. लॅमिंग्टन रोडवरचा दुकानदार म्हणतो, "कुठलीही आठची टाका, चालते." भाऊ म्हणतो, वेगवेगळ्या स्टिक्स एकत्र लावूच नयेत. चांगली चालणारी स्टिक काढून टाकायला माझं मन होत नाही, हे आधीच सांगतो. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव कसे चढलेत ते सगळ्यांना माहीत आहे.

काडीपेटी
दुकानदाराचं ऐका. ५६००जीच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच रॅममधून वाटा उचलतं. ३२००च्या एका स्टिकवर सेकंदाला २५.६ जीबी; दोन लावल्या की डेटाच्या दोन वाटा (चॅनेल) मिळतात, कागदावर दुप्पट. एवढा फरक घड्याळ न लावताही कळतो. वेग वेगळे असले तर दोन्ही हळूच्या चालीने चालतात, बस. बोर्डवाल्यांची ती तपासलेल्या रॅमची लांबलचक यादी वाचत बसू नका. यादीत नाही म्हणजे चालत नाही असं नसतं, कुणी तपासली नाही एवढंच.

सोल्डरिंगवाली
"बस" म्हणणाऱ्यांनीच माझे दोन रविवार खाल्ले. मी तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेल नंबरची स्टिक वर्षभराने घेतली होती. स्टिकर तोच, आतल्या चिप्स दुसऱ्याच. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारं सेटिंग) लावून विंडोज झकास सुरू व्हायचं, पण मोठ्या झिप फाइल अधूनमधून उघडेनात. मला वाटलं हार्ड डिस्क गेली! शेवटी मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावला, चौथ्या पासला, म्हणजे तपासणीच्या चौथ्या फेरीला, चुकांच्या लाल ओळी. पीसी सुरू झालाच नाही तर बरं, निदान कळतं तरी. हा असला अर्धवट चालणारा प्रकार फोटो खातो. कंपनी ३२००ची हमी देते ती एकत्र तपासलेल्या जोडीला (किटला), तुमच्या घरच्या जुगाडाला नाही.

काडीपेटी
ताई, मग एक्सएमपी बंद करून २६६६ला चालवून पाहिलंत का?

सोल्डरिंगवाली
पाहिलं. एकही चूक नाही. पण ३२००चे पैसे मोजून २६६६ वापरायचं असेल तर दुकानदाराला आनंदच आहे.

पाटावरवंटा
दोघांच्या भांडणात मुख्य गोष्ट राहिली. ८ + ८ केलं की दोन्ही स्लॉट भरले. उद्या ब्लेंडरला ३२ लागले की दोन्ही काढा. आत्ता १६ची एकच घ्या, जुनी आठची राहू द्या. २४ होतील, त्यातले पहिले १६ दोन्ही चॅनेलवर पळतील, उरलेले ८ एकावर. पुढे आठची विकून दुसरी १६ची टाका. आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या सर्व्हरच्या 'रजिस्टर्ड' रॅमला भुलू नका. स्लॉटमध्ये बसते, पण या बोर्डावर पीसी सुरूच होत नाही.

नवाभिडू
डीडीआर५च घ्या ना सरळ, पुढे उपयोगी पडेल.

पाटावरवंटा
बाबा रे, पिना दोन्हीकडे २८८च, पण खाच वेगळ्या जागी आहे. हातोडी घेऊन बसवणार का?

भुईचक्र
सगळ्यांचे आभार. १६ची घेतली, सात दिवसांत बदलून देईन असं दुकानदाराकडून बिलावर लिहून घेतलं. ३२००ला मेमटेस्ट लावलाय. दोन पास निर्मळ, तिसरा चालू आहे.

सोल्डरिंगवाली
चौथा होऊ द्या. तोवर बिल फाडू नका.