नवा युरोपियन अपराइट पियानो: नाव बघायचं की आतलं काम?

लाइपझिगकर:
मुलीसाठी नवा अपराइट (उभा पियानो) घ्यायचाय, तीन महिने झाले जर्मनीत लाइपझिग-ड्रेस्डेनची दुकानं पालथी घालतोय, आणि आता माझं मत पक्कं झालंय की झाकणावरचं सोनेरी नाव बघून काही ठरवू नये. डब्ल्यू. हॉफमन हा जर्मन कंपनी बेखश्टाइनचा ब्रँड, पण बनतो चेक देशात ह्रादेत्स क्रालोवेला, म्हणजे पेट्रोफ या चेक पियानो कंपनीच्याच गावात (पेट्रोफ तिथे १८६४ पासून). जर्मन शिमेल कंपनीचा विल्हेल्म शिमेल पोलंडच्या कालिशमध्ये बनतो. यात वाईट काहीच नाही, पण मग "जर्मन बिल्ड" म्हणून जास्त पैसे कशाचे मोजायचे?
मी दुकानदाराला वरचं आणि खालचं पॅनल काढायला लावतो. ट्यूनिंग पिनवर (सूर लावायला फिरवतात त्या पिनेवर) तारेचे वेढे एकसारखे आहेत का, हॅमर (तारेवर आपटणारे हातोडे) तारांच्या बरोबर समोर येतात का, मागे साउंडबोर्डच्या (आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीच्या) रिब्ज, म्हणजे आधारपट्ट्या, नीट बसल्यात का, सगळं टॉर्च लावून बघतो. मग खरजापासून वरपर्यंत एकेक पट्टी अगदी हळू दाबायची. एका दुकानात एकाच मॉडेलचे दोन पियानो शेजारी होते, एकाचे डॅम्पर (तारेचा आवाज थांबवणारे फेल्टचे तुकडे) एका रेषेत उठत होते, दुसऱ्याचे मागेपुढे. नाव तेच, किंमत तीच!

खरजप्रेमी:
साफ असहमत. टॉर्चने दिसते ती सफाई. सव्वादोनशेच्या आसपास तारा, सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन, तो पेलते लोखंडी फ्रेम आणि ट्यूनिंग पिना घट्ट धरतो पिनब्लॉक नावाचा लाकडी ठोकळा, आणि पिनब्लॉक तुम्हाला पॅनल काढून कितीसा दिसणार? लाकूड किती वाळवलं होतं ते तर अजिबातच कळत नाही. ते दहा वर्षांनी कळतं, आणि दहा वर्षांचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे त्यांचंच नाव होतं ना? ब्लूथनर ही पियानो कंपनी १८५३ मध्ये लाइपझिगमध्ये सुरू झाली, त्या नावाला वजन आहे ते उगाच नाही. डॅम्पर मागेपुढे हे रेग्युलेशन, म्हणजे आतल्या भागांची जुळवणी, चांगला टेक्निशियन दुपारभरात लावून देईल, त्याला बिल्ड क्वालिटी म्हणू नका.

लाइपझिगकर:
इथेच मला पटत नाही. कारखान्यातून निघताना ज्यांनी ते लावलं नाही त्यांनी आत न दिसणाऱ्या जागी काळजी घेतली असेल असं मी का मानू? १०-१२ हजार युरो देऊन वर "वाजवत राहा, सेट होईल" ऐकायचं? आमच्या ओळखीत एकांकडे नवा पियानो आला, चार पट्ट्या घासत होत्या, दुकानवाल्याने सहा महिने हेच उत्तर दिलं.

पियानोवाली_मुंबई:
दोघंही युरोपातल्या हवेचं बोलताय. आमच्याकडे नवा युरोपियन अपराइट आला तेव्हा मधल्या सप्तकातली एकही पट्टी अडत नव्हती, जुलैत निम्म्या अडायला लागल्या. ॲक्शनमधल्या (पट्टीपासून हॅमरपर्यंतच्या यंत्रणेतल्या) पिनांभोवतीचं फेल्ट दमट हवेत फुगतं आणि हॅमर परत यायला उशीर करतो, साउंडबोर्डही ओल धरून फुगतो आणि सूर वर चढतो. खोलीत डीह्युमिडिफायर लावला, हवेतली आर्द्रता ५५-६० टक्क्यांवर धरली, तेव्हा कुठे सुधारलं. म्हणून दुकानातल्या तपासणीवर माझा फार विश्वास नाही, पियानोला एक अख्खा पावसाळा द्या मग बोला. लाइपझिगमध्ये उलटं, हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी पडते, लाकूड आक्रसतं. एक हिवाळा काढलेला डेमो (दुकानात वाजवून बघायला ठेवलेला) पियानो मिळतो का बघा.

खरजप्रेमी:
डेमो पीसचं पटलं. पण वरची दोन सप्तकं कानाने ऐका, एकेक तार वेगळी वाजवून (तिथे एका पट्टीला तीन तारा असतात). इतर तारा दाबून ठेवूनही एकाच तारेचा सूर डोलत असेल तर ते बहुतेक वेळा ब्रिज (तारा टेकतात तो लाकडी आधार) आणि त्यावरच्या पिनेपाशी तार नीट न बसल्याचं लक्षण, ट्यूनिंगने जात नाही. हे मात्र मी बिल्डमध्ये धरतो.

लाइपझिगकर:
हे मी ऐकलंच नव्हतं! त्या पट्टीच्या बाकीच्या तारा फेल्ट घालून बंद करून तपासायचं ना? शनिवारी ट्यूनरला सोबत घेऊन जातोय, त्या दोन्ही पियानोंची वरची सप्तकं तपासतो आणि इथे लिहितो.