शेजाऱ्याचा धूर आणि आपलं घर : इमारतीत धूम्रपानबंदी हवी का? (अनुभव धागा)

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत यंदाच्या वार्षिक सभेपुढे एक विषय आहे : 'संपूर्ण इमारत धूम्रपानमुक्त करणे'. संपूर्ण म्हणजे जिना, लिफ्ट, पार्किंग, गच्ची तर आलंच, पण बाल्कनी आणि घराच्या आतसुद्धा. मला स्वतःला बंदी हवी आहे. तरी हात वर करण्याआधी ज्यांनी हा धूर सोसलाय, ज्यांनी असा नियम राबवलाय आणि ज्यांच्यावर तो राबवला गेलाय, अशा सगळ्यांचं ऐकायचं आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. 2 ऑक्टोबर 2008 पासून त्याचे नवे नियम लागू झाले आणि दंड 200 रुपयांपर्यंत आहे. दवाखाने, हॉटेलं, कचेऱ्या, सिनेमागृहं, कामाच्या जागा हे सगळं त्यात येतं. राहतं घर येत नाही. म्हणजे घरातल्या सिगारेटबद्दल जे करायचं ते सोसायटीच्या उपविधींतून, नाहीतर समजुतीने. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करू नये, हे कलम उपविधींत असतंच. धूर हा उपद्रव धरायचा का, इथे आमच्याकडे गाडी अडली आहे.

भाग सांगा, काय घडलं ते सांगा, शेवटी कशाचा उपयोग झाला तेही सांगा. सोसायटीचं किंवा माणसाचं नाव नको.

सिंहगड रोड, चौथा मजला

माझ्या मुलाला दमा आहे. संध्याकाळी खेळून आला की हातपाय धुवायला बाथरूममध्ये जायचा आणि बाहेर येताना खोकत यायचा. आम्ही आधी धूळ म्हणालो, मग थंड पाणी म्हणालो, गादीसुद्धा बदलली. एके दिवशी मीच तिथे कपडे भिजवत बसले होते, तेव्हा वास आला. सिगारेटचा, आणि असा ताजा की कुणी बाजूला उभं राहून ओढतंय.

खालच्या मजल्यावरचे दादा ऑफिसातून आले की बाथरूमची खिडकी उघडून ओढत. घरात आई-वडील आहेत, त्यांच्यासमोर नको म्हणून. त्यांच्या दृष्टीने ते सगळ्यांची काळजीच घेत होते! पण ती खिडकी उघडते डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमच्या पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत. आमच्या सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्याच डक्टमध्ये उघडतात. आतली हवा गरम असली की वर चढते आणि वाटेत जिथे फट मिळेल तिथे घरात शिरते. आमचा एक्झॉस्ट फॅन बंद असायचा, तेव्हा त्याच्या पात्यांमधून धूर सरळ आत येत होता.

मी त्यांच्या आईंकडे गेले नाही, सेक्रेटरींकडेही नाही. दादांनाच लिफ्टपाशी गाठलं आणि मुलाच्या पंपाबद्दल सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, वर जातो हे डोक्यातच आलं नाही," म्हणाले. त्या दिवसापासून ते खाली गेटबाहेर जातात. आम्हीही मागे झडप असलेला एक्झॉस्ट फॅन बसवला. फॅन थांबला की झडप आपोआप मिटते. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओततो, कारण जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी सुकलं की पाइपातली हवा वर येते.

आमचं बोलून भागलं, कारण समोरचा माणूस भला होता. तो तसा नसता तर माझ्या हातात काय होतं? म्हणून मी बंदीच्या बाजूने आहे. मुलाचा श्वास शेजाऱ्याच्या स्वभावावर सोडता येत नाही.

वाकड, भाड्याचा फ्लॅट

मी सिगारेट ओढते आणि मला दुसरी बाजू मांडायची आहे. आमच्या सोसायटीत 'बाल्कनीत धूम्रपान नको' असा ठराव झाला. माझा ठरावाला विरोध नाही. तो कुणाला लागू झाला, ते ऐका. आम्ही तीन मुली राहतो. माझा बाल्कनीतला फोटो कुणीतरी समोरच्या विंगमधून काढला, समितीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून घरमालकांकडे गेला. मालकांनी माझ्या बाबांना नाशिकला फोन केला. मी नोकरी करते, भाडं वेळेवर भरते, करारावर सही माझी आहे. शेजारच्या विंगमधले एक काका स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटच्या बाल्कनीत रोज ओढतात. त्यांच्या मुलाला कुणी फोन केल्याचं ऐकलेलं नाही.

नियम करा, जरूर करा. पण त्यात लिहा की मालक आणि भाडेकरू, पुरुष आणि बाई, सगळ्यांना तोच नियम आणि तीच कारवाई. तक्रार समितीकडे लेखी यावी आणि ती त्या व्यक्तीलाच कळवावी. फोटो काढून फिरवणं हा वेगळा आणि मोठा अपराध आहे. विषय धुराचा असेल तर धुराबद्दल बोला, मुलीच्या चारित्र्याबद्दल नको.

बिबवेवाडी, निवृत्त

माझं वय बहात्तर. दिवसाला दोन सिगारेटी, त्याही माझ्या हॉलमध्ये. बंदीला माझा विरोध आहे. कर्ज काढून घेतलेल्या घरात मी काय करावं हे सभेने ठरवायचं, तर उद्या मासे तळण्यावर ठराव येईल, परवा धुपावर येईल. असे ठराव मांडणारे लोक मी पाहिलेत. पार्किंग, जिना, लिफ्ट इथे बंदी असावी, हे मला शंभर टक्के मान्य. उंबऱ्याच्या आत नको.

कोथरूड, धागाकर्ती

काका, माशाच्या वासाने नाक मुरडणाऱ्यांच्या हाती असा नियम पडू नये, ही तुमची भीती खरी आहे आणि मसुद्यात तिचा विचार व्हायलाच हवा. पण वास न आवडणं आणि त्या धुराने आजारी पडणं एका मापाने कसं मोजायचं? छातीविकारांचं कुणी डॉक्टर वाचत असेल तर लिहा.

एरंडवणे, छातीविकारतज्ज्ञ

लिहितो. तंबाखूच्या धुरात 7000 हून जास्त रसायनं असतात आणि त्यातली सुमारे 70 कर्करोगकारक म्हणून ओळखली गेली आहेत. ओढणाऱ्याच्या फिल्टरमधून येतो त्यापेक्षा जास्त धूर सिगारेटच्या जळत्या टोकातून थेट खोलीत पसरतो, तोही न गाळता. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, 2006 च्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की दुसऱ्याच्या धुराची कुठलीही पातळी निर्धोक नाही. खिडकी उघडणं, पंखा लावणं, हवा शुद्ध करणारं यंत्र ठेवणं यांनी धूर कमी होतो, संपत नाही. धूप आणि उदबत्तीच्या धुरातही सूक्ष्म कण असतात, दम्याच्या रुग्णाला मी तेही टाळायला सांगतो. पण माशाच्या वासाने कुणाच्या धमन्यांवर परिणाम होत नाही. ती तुलना सोडून द्यावी.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटेची थंड हवा जमिनीलगत बसते, धूर चटकन वर निघून जात नाही. त्याच दिवसांत लोक खिडक्या लावून घेतात आणि ओढणारेही घरातच ओढतात. माझ्याकडे येणाऱ्या दम्याच्या लहान मुलांच्या आईवडिलांना मी आता 'घरात कुणी ओढतं का' एवढंच विचारत नाही, 'खाली, बाजूला कुणी ओढतं का' हेही विचारतो.

2016-17 च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के निघाले. आपल्याकडे तंबाखू खाणारे त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्याच सर्वेक्षणात देशभरातले 38.7 टक्के प्रौढ घरीच धुराच्या संपर्कात येत होते. थोड्यांचा धूर किती घरांत जातो पहा. आणि बंदीच्या नोटिशीखाली सोडण्यासाठीची मदतही छापा : 1800-11-2356. सिगारेटच्या पाकिटावर असतोच हा क्रमांक, फोन मोफत आहे.

पिंपळे सौदागर, माजी सेक्रेटरी

आम्ही सरसकट बंदीचा ठराव केला होता, घराच्या आतसुद्धा. राबवता आला नाही. समितीला कुणाच्या घरात शिरता येत नाही, वास कुठून येतोय हे सिद्ध करता येत नाही आणि प्रत्येक तक्रार शेवटी दोन घरांच्या जुन्या भांडणाशी जाऊन पोचते. नुसता ठराव पुरत नाही, हेही तेव्हा कळलं. उपविधी बदलायचा तर सर्वसाधारण सभेत दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि उपनिबंधकांकडे दुरुस्तीची नोंदणी करावी लागते. तोवर दंड लावला तर सभासद आव्हान देतो.

जे चाललं ते हे : जिने, लिफ्ट, लॉबी, पार्किंग, गच्ची, मुलांची बाग इथे बंदी. डक्टच्या खिडकीत बंदी. आणि बाल्कनीतून थोटूक खाली टाकलं तर दंड. हे शेवटचं सगळ्यांनी एकमताने मान्य केलं, कारण वरून पडलेल्या थोटकाने दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेली चादर पेटली होती. पाळणाघरातून आलेलं बाळ त्याच खोलीत झोपलेलं होतं. ओढणाऱ्यांसाठी मागच्या कंपाउंडलगत, खिडक्यांपासून लांब, एक जागा ठेवली. वाळूची कुंडी आणि बाक. काहींनी 'व्यसनाला बाक कशाला' म्हणून आरडाओरडा केला. पण जागा नसेल तर लोक जिन्यात जातात.

सदाशिव पेठ

पुनर्विकासानंतर आमच्याकडेही फलक लागले. पहिला दंड कुणाला झाला? रात्रपाळीच्या वॉचमन काकांना. थंडीत गेटपाशी बिडी ओढली म्हणून ठेकेदाराने पगारातून पैसे कापले. त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये गाडीला टेकून ओढणाऱ्या सभासदांना चेअरमन 'जरा बाहेर जाता का' असं हसून म्हणत होते. मी सभेत उभी राहिले आणि कापलेले पैसे परत द्यायला लावले. दंडाची सुरुवात सभासदांपासून व्हावी.

औंध, सध्या सिंगापूर

इथे 2013 पासून निवासी इमारतींचे सामायिक कॉरिडॉर, तळमजल्याच्या मोकळ्या जागा, झाकलेल्या पायवाटा सगळीकडे बंदी आहे. इतका कडक देश, पण घराच्या आत त्यांनी कायदा नेलेला नाही. खिडकी-बाल्कनीतल्या धुरावरून वाद चालूच असतात. अमेरिकेत 2018 मध्ये सरकारी गृहप्रकल्पांत घराच्या आतही बंदी आली, पण तिथे घरमालक सरकारच आहे. पुण्यात प्रत्येक फ्लॅटचा मालक वेगळा. औंधला आईबाबा राहतात तिथे मला सामायिक जागांची बंदी पुरेशी वाटते, आणि डक्टची.

हडपसर

आमचा मसुदा मंजूर झाला आहे. त्याचा गाभा देते, कुणाला उपयोग झाला तर. सामायिक जागांत पूर्ण बंदी. डक्टमध्ये उघडणाऱ्या खिडकीत आणि ड्राय बाल्कनीत बंदी, कारण तिथला धूर हमखास दुसऱ्याकडे जातो. घराच्या आत बंदी नाही, पण धूर शेजारी पोचल्याची लेखी तक्रार आली तर आधी दोन्ही घरांची बैठक, मग समितीची पाहणी, डक्टच्या फटी बुजवायचा खर्च सोसायटीचा, आणि तरीही चालू राहिलं तर उपद्रवाच्या कलमाखाली नोटीस. सभासद, भाडेकरू, पाहुणे, कामगार सगळ्यांना एकच दंड. फोटो-व्हिडिओ पुरावा म्हणून घेणार नाही, हे वेगळं वाक्य टाकलं आहे. वाकडच्या ताईंचा अनुभव वाचून वाटलं, बरं झालं टाकलं.

सर्वांत जास्त विरोध डक्टच्या कलमाला झाला. तेव्हा एका सभासदाने गच्चीवरच्या डक्टच्या तोंडाशी उभं राहून खाली उदबत्ती लावायला सांगितली आणि कुठल्या कुठल्या घरात वास येतो ते फोनवर विचारत गेले. पाचव्या मजल्यापर्यंतच्या घरांनी हो म्हटलं. कोथरूडच्या ताई, सभेआधी एखाद्या रविवारी हे करून बघा, आणि पाहायला विरोध करणाऱ्यांनाच बोलवा.